रिपोर्टमध्ये सगळं ठीक, मग पाण्याला वास कसला?

तळमजला | सोमवार, रात्री १०:४०

थोडं लांबण लावते, पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही. गेले तीन आठवडे आमच्या इमारतीच्या पिण्याच्या पाण्याला वास येतोय. घाण वास असता तर एकवेळ समजलं असतं. हा गोडसर आहे, कडू बदाम चावल्यावर येतो तसा. गरम पाण्याला जास्त, आणि सकाळी नळ पहिल्यांदा सोडला की सगळ्यात जास्त. रंग नाही, गढूळपणा नाही.

पाणी लॅबमध्ये दिलं. त्यांनी अठरा गोष्टी तपासल्या: पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ), कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, कोलीफॉर्म वगैरे. प्रत्येकापुढे 'मर्यादेत' नाहीतर 'आढळले नाही'. खाली शिक्का, पिण्यास योग्य. शेजारच्या काकूंनी रिपोर्ट वाचला आणि मग माझ्या नाकाकडे बघितलं.

पाण्यात काय आहे हे सांगणारी तपासणी असते का? की आपणच आधी नाव सांगायचं आणि लॅबने फक्त हो-नाही म्हणायचं?

उगाचशंका | सोमवार, रात्री ११:०२

कडू बदामाचा वास म्हणजे सायनाइड!! ताई, आत्ताच्या आत्ता ते पाणी बंद करा. हे शाळकरी पोरालाही माहीत असतं.

जुनानळ | सोमवार, रात्री ११:१५

टीडीएस किती आला ते लिहिलं नाहीत. माझ्याकडे मीटर आहे, ८०च्या आसपास दाखवतो, पाणी एकदम फर्स्टक्लास. मीटर बुडवा आणि निश्चिंत झोपा.

शिखरमापक | मंगळवार, सकाळी ७:२०

मी पाण्याच्या नमुन्यांवर जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफीने पदार्थ वेगळे करून त्यांच्या तुकड्यांच्या वजनावरून ओळखायचं यंत्र) चालवायचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून तोंड घालतो.

आधी @उगाचशंका. कडू बदामात अमिग्डालिन नावाचं संयुग असतं. ते फुटलं की दोन गोष्टी सुटतात, हायड्रोजन सायनाइड आणि बेन्झाल्डिहाइड. नाकाला जो 'बदामाचा' वास जाणवतो तो मुख्यतः बेन्झाल्डिहाइडचा. सायनाइडचा वास अगदी पुसट असतो आणि कित्येकांना तो जन्मतःच येत नाही. तरीही तुमची शंका निकालात काढलीच पाहिजे, ती तपासणी सोपी आहे. फक्त त्यासाठी वेगळी बाटली लागते. तिच्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १२च्या वर न्यावा लागतो, नाहीतर सायनाइड वाटेतच उडून जातं आणि रिपोर्टात खोटं 'नाही' येतं. तो निकाल येईपर्यंत हे पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला वापरू नका. उकळून बघू असंही कुणी म्हणू नका. उकळल्याने जंतू मरतात. उडणारं रसायन मात्र पाण्यातून निघून तुमच्या स्वयंपाकघरात पसरतं आणि न उडणारं मागे राहून आणखी दाट होतं.

@जुनानळ, तुमचा मीटर विजेची वाहकता मोजतो आणि तिला एका आकड्याने गुणून 'टीडीएस' म्हणून दाखवतो. एक करून बघा. पेलाभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवा आणि मीटर बुडवा. आकडा जवळजवळ हलणार नाही. मग दुसऱ्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका. साखरेचे आयन (विजेचा भार असलेले कण) होत नाहीत, म्हणून मीटरला ती दिसत नाही. कीटकनाशकं, सॉल्व्हंट, औषधांचे अंश यांचं बहुतेक तसंच. शिवाय हा मीटर मिलिग्रॅममध्ये बोलतो. आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. तुमच्या ८०मध्ये तो कुठे बसला हे मीटरला काय कळणार?

आता मूळ प्रश्न. तुमच्या लॅबने खोटं सांगितलेलं नाही. अठरा प्रश्न विचारले, अठरा उत्तरं आली. एकोणिसावा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

जुनानळ | मंगळवार, सकाळी ८:०५

साखर टाकली. ८१. मीठ टाकलं, मीटरने हात टेकले. बरं, शिकलो.

पाणवठा | मंगळवार, दुपारी १:३०

'कुणी विचारलाच नव्हता' यावरून बांगलादेश आठवला. जंतुयुक्त तळ्यांऐवजी कूपनलिकांचं पाणी प्या म्हणून तिथे लाखो नलिका खोदल्या गेल्या. १९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने तिथल्या भूजलाचे नमुने तपासले. बरीच मूलद्रव्यं पाहिली, आर्सेनिक त्या यादीत नव्हतं. पुढे विषबाधेचं प्रमाण उघड झाल्यावर एका पीडिताने दावा लावला. तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला आणि २००६ मध्ये फेटाळला गेला, कारण जे तपासलंच नाही त्याबद्दल त्या गावकऱ्यांप्रति कायदेशीर जबाबदारी येत नाही असं ठरलं. कायद्याने बरोबर असेल. मला मात्र तो निकाल वाचून कसंसंच झालं होतं.

शिखरमापक | मंगळवार, रात्री ९:५०

@पाणवठा, आणि आर्सेनिक हे तर नाव माहीत असलेलं विष. ज्याचं नावच कुणाला ठाऊक नाही त्याचं काय?

९ जानेवारी २०१४ ला वेस्ट व्हर्जिनियात एल्क नदीकाठच्या टाकीतून कोळसा धुण्याचं रसायन गळालं आणि सुमारे तीन लाख लोकांचं पाणी बंद करावं लागलं. मिथाइलसायक्लोहेक्सेनमिथेनॉल असं लांबलचक नाव. ज्येष्ठमधासारखा वास येतो म्हणून लोकांनीच तक्रारी केल्या होत्या. पिण्याच्या पाण्यात ते मोजायची ठरलेली पद्धत तेव्हा नव्हती, सुरक्षित मर्यादा किती तेही घाईघाईने काढावं लागलं. आणि कहर म्हणजे त्याच टाकीत दुसरंही एक रसायन मिसळलेलं होतं, हे कंपनीने बारा दिवसांनी सांगितलं. तोवर सगळे एकाच नावाच्या मागे धावत होते.

ताई, म्हणून तुम्ही वासाबद्दल जे लिहिलंत ते मला त्या अठरा आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. गरम पाण्याला जास्त, म्हणजे पदार्थ उडणारा आहे. सकाळी पहिल्या पाण्याला जास्त, म्हणजे रात्रभर पाणी कशाला तरी लागून बसलंय आणि त्यातून काहीतरी उतरतंय. आता दोन गोष्टी सांगा. वास सगळ्या मजल्यांवर आहे का? आणि तीन आठवड्यांपूर्वी इमारतीत काही काम झालं का?

तळमजला | बुधवार, सकाळी ६:५५

सगळ्या मजल्यांवर आहे (काकूंनीही काल कबूल केलं). बाहेरून येणारी लाइन जिथे टाकीत पडते तिथल्या पाण्याला नाही, आत्ताच जाऊन हुंगून आले.

आणि काम झालं. वरची टाकी गळत होती, तिला आतून इपॉक्सीचा लेप दिला. बरोबर चार आठवडे झाले. एक आठवडा वाळवायचा होता, पण पाण्याविना ओरड सुरू झाली म्हणून तिसऱ्याच दिवशी भरली. हे लिहिताना लाज वाटतेय.

बिनचष्मा | बुधवार, सकाळी ९:१०

मग सुटलंच की कोडं! पेंटमधला झायलीन. धागा बंद करा.

शिखरमापक | बुधवार, रात्री १०:१५

थांबा हो. गुन्हेगाराचं घर सापडलंय, गुन्हेगार नाही. झायलीनला बदामाचा वास येत नाही.

इथे दोन वाटा आहेत. पहिली संशयितांची यादी करायची. ठेकेदाराकडून त्या लेपाची सुरक्षा माहितीपत्रिका मागा, दोन्ही डब्यांची, रेझिन आणि हार्डनर वेगवेगळी असतात. त्यातली नावं घेऊन लॅबला 'हे आहे का बघा' म्हणायचं. पण अशा पत्रिकेत सगळं नसतं. अगदी कमी प्रमाणातले घटक आणि पाण्यात गेल्यावर क्लोरीनशी झटापट करून जे नवीन तयार होतं, ते तिथे सापडायचं नाही.

दुसरी वाट, काहीच गृहीत न धरता बघायचं. त्यात सगळ्यात उपयोगी पडते ती तुलना. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या रूक यांनी कच्चं पाणी आणि क्लोरीन दिलेलं पाणी शेजारी ठेवून गॅस क्रोमॅटोग्राफीवर पाहिलं, तेव्हा प्रक्रिया केलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म दिसलं. बाहेरून कुणी टाकलेलं नव्हतं, निर्जंतुकीकरणातच तयार होत होतं. तुम्हीही तेच करायचं. तीन ठिकाणचं पाणी घ्या: टाकीत पडण्याआधीचं, टाकीतलं, आणि सकाळचं पहिलं नळाचं. चौथी बाटली लॅबने दिलेल्या शुद्ध पाण्याची. ती तुमच्याबरोबर नुसती फिरून परत जाईल, म्हणजे बाटलीतून किंवा प्रवासात काही शिरलं तर कळेल. काचेच्या गडद बाटल्या, काठोकाठ भरायच्या, झाकणाखाली हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

तळमजला | शनिवार, संध्याकाळी ६:३०

कालचा दिवस वाया गेला, आणि चूक पूर्णपणे माझी. लॅबने दिलेल्या बाटल्यांच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड होती. मला वाटलं धूळ. तिन्ही रिकाम्या बाटल्या तीन-तीनदा विसळून लख्ख केल्या आणि भरून नेल्या. काउंटरवरच्या मुलीने बाटली उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि परत दिली.

शिखरमापक | शनिवार, संध्याकाळी ७:०५

असं करणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही! ती पूड उरलेल्या क्लोरीनला मारायला असते, सोडियम थायोसल्फेट किंवा एस्कॉर्बिक ॲसिड. ती नसली की बाटलीतच क्लोरीनचं काम चालू राहतं आणि लॅबला पोचेपर्यंत तुमचं पाणी तुमचं राहत नाही. नवीन बाटल्या मागा.

उगाचशंका | रविवार, दुपारी १२:२०

एवढं सगळं करण्यापेक्षा मासे का नाही सोडत टाकीत? विष असेल तर मरतील.

पाणवठा | रविवार, दुपारी १२:४५

हसू नका, जगात खरंच हे करतात. वॉर्सात नदीतून येणाऱ्या पाण्यावर आठ शिंपल्यांचा पहारा आहे. शिंपल्यांच्या पाठीवर सेन्सर चिकटवलेले असतात, सगळ्यांनी एकदम तोंड मिटलं की पुरवठा थांबतो. ऱ्हाइनवर डॅफ्निया नावाच्या पाणपिसवा वापरतात. चमकणारे जीवाणूही आहेत, विष लागलं की त्यांचा उजेड मंदावतो. जिवंत प्राण्याला यादी लागत नाही, हा त्यांचा फायदा. पण काय झालं एवढंच ते सांगतात, कशाने झालं ते नाही. आणि दहा वर्षं थोडं थोडं पोटात गेल्यावर काय होईल, हे शिंपल्याला विचारून उपयोग नाही.

शिखरमापक | रविवार, रात्री ९:३०

दोन्हींची सांगड घालता येते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पावसानंतर शहरांतल्या ओढ्यांमध्ये कोहो सामन मासे वर्षानुवर्षं पटापट मरायचे. संशोधकांनी टायरच्या रबराचा अर्क काढला, त्याचे रासायनिक भाग वेगळे केले, प्रत्येक भागात मासे सोडले. ज्या भागात मासे मेले तो पुन्हा विभागायचा, पुन्हा मासे. शेवटी एक पदार्थ उरला: १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन. टायर बनवणाऱ्यांच्या रसायनांत हे सूत्र कुठेच नव्हतं. मग लक्षात आलं की टायर टिकावा म्हणून घालतात त्या ६पीपीडीमधून दोन हायड्रोजन वजा करून दोन ऑक्सिजन जोडले की हेच होतं. ओझोनशी झुंजता झुंजता रबरातच ते तयार होत होतं. डिसेंबर २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. पिण्याच्या पाण्याची गोष्ट नाही ही, पण पद्धत लक्षात ठेवण्यासारखी.

तळमजला | पुढचा शुक्रवार, रात्री ८:१५

निकाल आला! सायनाइड नाही. @उगाचशंका, आता शांत झोपा.

जीसी-एमएसची कागदं मला अर्धीच कळली. टाकीआधीच्या पाण्यात आणि टाकीतल्या पाण्यात बरीच शिखरं (आलेखात एकेका पदार्थाचं एकेक) सारखी आहेत, क्लोरोफॉर्म वगैरे. टाकीत नवी अशी चार. त्यातल्या सगळ्यात उंच शिखराखाली आकडे आहेत ७७, १०५, १०६, शेजारी ५१. दुसऱ्याचे ७९, १०७, १०८. उरलेल्या दोन बारक्यांपुढे 'अज्ञात' लिहिलंय.

बिनचष्मा | शुक्रवार, रात्री ८:४०

झायलीनचं वजन १०६च असतं. मी म्हटलं नव्हतं?

शिखरमापक | शुक्रवार, रात्री १०:५५

वजन १०६ बरोबर, पण तुकडे बघा. जीसी-एमएसमध्ये रेणूवर ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचा मारा करतात आणि तो कुठे कुठे तुटतो ते पाहतात. जगभर हाच आकडा ठेवलाय, म्हणून एका यंत्रावरचे तुकडे दुसऱ्या यंत्रावरच्या संग्रहाशी जुळवता येतात. झायलीन तुटला की ९१ला सगळ्यात उंच काठी उभी राहते. तुमच्याकडे ९१ दिसत नाही. १०६मधून एक हायड्रोजन गेला, १०५. त्यातून कार्बन मोनॉक्साइडचे २८ गेले, ७७, म्हणजे बेन्झिनचं कडं उरलं. त्यातून ॲसिटिलीनचे २६ गेले, ५१. हे बेन्झाल्डिहाइड. तुमचं नाक बरोबर होतं, काकूंना सांगा.

आणि ७९, १०७, १०८ म्हणजे बेन्झाइल अल्कोहोल. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये ते सर्रास घालतात. लेप पुरता वाळू दिला नाही की ते पाण्यात उतरतं, आणि त्याचं ऑक्सिडीकरण झालं की बेन्झाल्डिहाइड. पत्रिकेत पहिलं असेल, दुसरं नसणारच.

पण लगेच 'सापडलं' म्हणू नका. आमच्या धंद्यात ओळखीच्या पाच पायऱ्या मानतात. सगळ्यात खाली पाचवी: नुसतं अचूक वस्तुमान. चौथीवर रेणुसूत्र नक्की. तिसरीवर दोन-चार रचना शक्य वाटतात. दुसरीवर संग्रहातल्या नमुन्याशी तुकडे जुळतात, तुम्ही आत्ता इथे आहात. पहिलीवर जायचं तर त्या पदार्थाचा शुद्ध नमुना आणून त्याच यंत्रातून त्याच दिवशी चालवायचा, आणि तो त्याच मिनिटाला बाहेर पडला पाहिजे. लॅबला हेच करायला सांगा, बेन्झाल्डिहाइडचा शुद्ध नमुना कुठेही मिळतो. मगच किती आहे तो आकडाही विश्वासाने सांगता येईल. झायलीनच्या तिन्ही प्रकारांचे (ऑर्थो, मेटा, पॅरा) तुकडे तर इतके सारखे असतात की बाहेर पडायची वेळ पाहिल्याशिवाय ऑर्थो कोणता हे कुणीच सांगू शकत नाही.

जुनानळ | शनिवार, सकाळी ७:३०

आरओ बसवून टाकला तर?

शिखरमापक | शनिवार, सकाळी ११:००

क्षार, आर्सेनिक, मोठे रेणू यांना आरओ चांगला अडवतो. लहान आणि भाररहित रेणू पडद्यातून सटकतात. एनडीएमए नावाचं संभाव्य कर्करोगकारक फक्त ७४ वजनाचं, ते बऱ्यापैकी पलीकडे जातं. बेन्झिनच्या कड्याच्या वासकऱ्यांना सक्रिय कार्बन बरा पकडतो, पण भरला की सोडूनही देतो. इथे दुखणं टाकीत आहे, टाकीच दुरुस्त करा. रिकामी करून, हवा खेळती ठेवून, सांगितलेले पूर्ण दिवस वाळवा, मग भरून-ओतून दोन-तीनदा धुवा आणि पुन्हा तपासा.

पाणवठा | शनिवार, दुपारी ३:१०

आणि ते दोन अज्ञात? त्यांचं काय करायचं?

शिखरमापक | शनिवार, रात्री १०:२०

हा माझा आवडता आणि नावडता प्रश्न. जीसीमध्ये जे उडतं तेच दिसतं. इपॉक्सीतले बिस्फेनॉलचे जड तुकडे आणि पाण्याशी जुळून झालेले त्यांचे नातलग तिथे नीट दिसत नाहीत, त्यांना द्रव क्रोमॅटोग्राफी आणि उच्च विभेदनाचं वस्तुमानमापक लागतं. ते वजन दशांशाच्या तीन-चार घरांपर्यंत सांगतं आणि गंमत त्या घरांतच असते. ३३०च्या आसपासचा साधा सेंद्रिय रेणू ३३०.१ किंवा ३३०.२ असा पूर्णांकाच्या वर बसतो, कारण हायड्रोजन एकापेक्षा किंचित जड आहे. फ्लोरिन भरा, वजन खाली सरकतं, कारण तो १९ नसून १८.९९८४ आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीत अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या शास्त्रज्ञांना अशीच खाली घसरलेली वजनं दिसली आणि कुणाच्याही यादीत नसलेली फ्लोरिनयुक्त संयुगं उघडी पडली. त्यातलं जेनएक्स ३२९.९७५. क्लोरीन असेल तर शिखराशेजारी दोनने जड, तीनास एक उंचीचं जुळं भावंड दिसतं. ब्रोमिनची जुळी जवळजवळ सारख्या उंचीची.

एवढं असूनही काही शिखरं हट्टी असतात. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून होणारं जंतुनाशक) दिलेल्या पाण्यात एक अनोळखी पदार्थ तयार होतो हे १९८०च्या दशकापासून ठाऊक होतं. तो क्लोरोनायट्रामाइड आयन आहे हे नोव्हेंबर २०२४ मध्ये कळलं. नायट्रोजन, ऑक्सिजन, क्लोरीन, इवलासा रेणू, आणि ओळखायला चाळीस वर्षं. तो घातक आहे का, याचा अभ्यास नाव कळल्यावर कुठे सुरू होऊ शकला.

नाव नसताना निर्णय कसा घ्यायचा, यावर जर्मनीच्या पर्यावरण खात्याचा तोडगा मला पटतो. ज्याच्या विषारीपणाची माहितीच नाही त्याला सावधगिरी म्हणून लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमची रेघ आखायची. त्याखाली असेल तर घाबरायचं नाही, वर असेल तर शोध घ्यायचा. ताईंच्या त्या दोन शिखरांसाठी मी एवढंच बघेन की टाकी वाळवून धुतल्यावर ती मावळतात की तशीच राहतात.

बिनचष्मा | रविवार, सकाळी १०:००

मी झायलीन मागे घेतो. चष्मा लावायची वेळ झाली.

तळमजला | सोळा दिवसांनी, रात्री ९:१०

अपडेट. ठेकेदाराने कुरकुरत पत्रिका दिली, हार्डनरमध्ये बेन्झाइल अल्कोहोल ठळक अक्षरात होतं. टाकी दहा दिवस उघडी वाळवली, तीनदा धुतली. शुद्ध नमुन्याशी वेळ जुळली, म्हणजे बेन्झाल्डिहाइड पहिल्या पायरीवर. नव्या नमुन्यात ते अगदी बारीक उरलंय, वास गेलाय. दोन अज्ञातांपैकी एक दिसेनासं झालं. दुसरं होतं तेवढंच आहे.

त्याच्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफीला उद्या बाटल्या जातायत. पूड जागेवर आहे, काकूंनी स्वतः तपासली.